पुजलेले रणगाडे

मी फक्त एक टेबल घ्यायचं ठरवलं होतं. कचेरीतल्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला, त्यातलं ते सहा पायांचं टेबल कुणालाच नको होतं (ते कुणाच्याच दारातून सहजासहजी आत जाण्यासारखं नव्हतं), म्हणून मी घेतलं. पौडला आम्ही गोजराबाईंच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. टेबल आल्यावर बाहेरच्या खोलीत फक्त टेबलच राहू लागलं. पाहुणे भिंतीला पाठ घासत आत येत.

"आता यावर जेवायचं का?" जयाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"यावर युद्ध होणार आहे," मी म्हणालो.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक इंग्रजी पुस्तिका सापडली होती. शिशाचे बोटाएवढे रणगाडे आणि लष्करी ट्रक टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीने मोजून गाडे पुढे सरकवायचे आणि गोळा लागला की नाही, तेही फाशांनाच विचारायचं. विलायतेत म्हणे मोठमोठी माणसं हे करतात. मीही गाडे जमवू लागलो. हिरवे आपले, पिवळे शत्रूचे. रंगवणं तर माझा जीव की प्राण. हिरव्या ऑइलपेंटात चिमूटभर गेरू घातला की हुबेहूब पलटणीचा रंग येतो, हे मी शोधून काढलं. तोच रंग पोह्यांत पडला की काय होतं, हे जयाने शोधून काढलं.

"ती खेळणी आवरा," ती म्हणायची.

"ही खेळणी नव्हेत. ही आयुधं आहेत!" मी म्हणायचो. (हे इतक्या जोरात म्हणायचो, की भिंतीपलीकडे गोजराबाईंनाही ते पाठ झालं असावं.)

जयाचा डोळा टेबलावर होता. तिचं शिवणाचं मशीन आतल्या खोलीत जमिनीवर असे आणि वाकून वाकून तिची पाठ धरत असे. शेवटी एकदा तिने तोड काढली. "भुकूमचे सुभेदार हैबतराव खऱ्या लढाईत होते ना? त्यांना हरवून दाखवा. जिंकलात तर टेबल जन्मभर तुमचं. हरलात तर माझं मशीन तिथं."

मी लगेच कबूल झालो. हैबतराव महायुद्धात इटलीत लढले असतील, पण त्यांनी पुस्तिका कुठे वाचली होती?

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. सुभेदारांना तोच दिवस सोयीचा होता. सकाळी मी पाट उपडे घालून डोंगर केले, हिरवे रणगाडे त्यांच्यावर चढवले, पिवळे गाडे रंग वाळायला खिडकीत ठेवले आणि सुभेदारांना आणायला एसटी स्टँडवर गेलो.

परत आलो तर घरात उदबत्तीचा घमघमाट. माझ्या प्रत्येक रणगाड्याला हळद-कुंकू, वर अक्षता आणि तोफेवर झेंडूचं फूल. डोंगराच्या पायथ्याशी नारळ फोडलेला. गोजराबाई हातात निरांजन घेऊन उभ्या होत्या.

"गोजराबाई, हे काय?"

"आज खंडेनवमी न्हाई का? कोयता पुजला, नांगर पुजला. म्हनलं, भाऊसाहेबांचीच हत्यारं का तशी ठेवायची?"

"हत्यारं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनी मला विचारलं, हे काय आहे," जया शांतपणे म्हणाली. "मी म्हटलं, आयुधं. तुम्हीच सांगता ना?"

मी कसनुसं हसलो आणि पहिल्या रणगाड्याकडे हात नेला.

"हात लावू नगा!" गोजराबाई ओरडल्या. "पुजलेलं हत्यार दसऱ्यापतुर जाग्यावरनं हलवत न्हाईत!"

मी मोठ्या आशेने सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी जोडे बाहेर काढून टेबलाला नमस्कार केला होता.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पुजलेल्या बंदुकीला आमीबी हात लावत न्हवतो."

"मग आपण उद्या लढू."

"उद्या घरी सोनं वाटायचंय. आन् लढाई काय आपल्या सवडीनं येती व्हय?" त्यांची नजर खिडकीकडे गेली. "ह्ये पिवळं कुनाचं?"

"शत्रूचे."

"त्यांची पूजा झाली?"

"दुस्मानाच्या हत्याराला मी कुंकू लावू व्हय?" गोजराबाई फणकारल्या.

"म्हंजे ह्ये हलत्यात," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या.

"अहो, मग मी जागेवरूनच गोळा मारतो!"

"गोळा मारला म्हंजे हत्यार वापरलंच की," गोजराबाई म्हणाल्या. मग त्यांना माझी दया आली. "आवं, खेळनी असली तर तसं सांगा. खेळन्याला कसला आलाय नेम? हलवा खुशाल."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जया तर डोळ्यांची पापणीही न हलवता पाहत होती. 'खेळणी' एवढा एक शब्द म्हटला असता तर टेबल वाचलं असतं. पण खऱ्या लढाईतून आलेल्या माणसासमोर, आणि तेही जयाच्या देखत? माझी जीभ रेटेना.

"ही आयुधं आहेत," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो.

मग माझं सैन्य गळ्यात झेंडू घालून उभं राहिलं आणि शत्रूने त्याच्याभोवती सावकाश फेरी मारली. सुभेदार फासे टाकत होते, पट्टीने मोजत होते, मधेच मला अदबीने विचारत होते, "ह्यो मेला का?" मी म्हणायचो, मेला. मेलेला रणगाडा उचलून बाजूला ठेवायचीही सोय नव्हती, त्यामुळे काही वेळाने मेलेले कोण नि जिवंत कोण हे मलाही कळेना. चहा येईपर्यंत सगळे मेले होते.

"येक मातर हाय, भाऊसाहेब," खोबऱ्याचा तुकडा चावत सुभेदार म्हणाले. "तुमचा येकबी गडी पळाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा. गाव सीमोल्लंघनाला वेशीबाहेर गेलं. माझं सैन्यही निघालं आणि आतल्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांमागच्या फळीवर जाऊन थांबलं. टेबलावर मशीन आलं. जयाची पाठ आता मुळीच दुखत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला बरंच वाटतं.

त्या मशीनवर तिने सर्वांत आधी फळीसाठी पडदा शिवला.

"पाहुण्यांना दिसायला नको," ती म्हणाली.