एका बाजूने लाल

"जुनी गाडी बघायला जाताना मन घरी ठेवून जायचं असतं!" चष्मेवाल्यांनी चहाचा कप आपटत जाहीर केलं. "फक्त डोळे घेऊन जायचं. आणि डोळ्यांच्या बाबतीत आपल्याला कोण फसवणार?"

त्यांची बायको दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायची. सगळी आळी तिला मास्तरीणबाई म्हणायची. घरात चष्मेवाले तिला तसं म्हणत नसत, पण मनातल्या मनात तेच म्हणत.

"मन ठेवाच," बाई म्हणाल्या, "आणि जमलं तर चेहराही ठेवून चला. गिऱ्हाइकाची हाव दिसली की भाव चढतो. तुमच्या पोटातलं सगळं तोंडावर येतं, आणि ते वाचायला चष्मा लागत नाही!"

"मी? अगं, मी आज असा तुसडा चेहरा करतो की त्या डॉक्टरांना वाटेल, फुकट दिली तरी हा नेणार नाही!"

"बरं. पण आपलं ठरलंय ते ठरलंय. गाडी मी तपासणार. मी नाही म्हटलं की नाही. मग जन्मात त्या गाडीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," चष्मेवाले म्हणाले.

आता हे मन अडकलं कुठे होतं ते सांगायला हवं. चष्म्यांचं दुकान रस्त्याच्या अलीकडे, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना पलीकडे. दवाखान्यासमोर डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार उभी असायची. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची. दुकानात नंबर तपासायला अक्षरांचा तक्ता होता, पण चष्मेवाल्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. लोक पाठ करून येतात म्हणे! नवा चष्मा चढवला की ते गिऱ्हाइकाला हाताला धरून दारात आणायचे.

"बोला, समोर काय दिसतं?"

"लाल गाडी."

"नुसती लाल गाडी? दाराची कडी दिसते? चाकाच्या तारा दिसतात? अहो, नीट बघा ना! घाई कसली आहे?"

गिऱ्हाईक बघायचं. शेजारी उभे राहून चष्मेवालेही बघायचे. गिऱ्हाइकाचं बघून संपायचं, चष्मेवाल्यांचं संपायचं नाही. शेवटी गिऱ्हाईकच म्हणायचं, "अहो, मी निघू का?"

त्यांच्या स्वतःच्या गाडीत मागे फ्रेमचे खोके, पुढे खोके आणि मध्ये उरलेल्या जागेत सासूबाई. त्यामुळे दोन सीट ही कल्पनाच त्यांना स्वर्गासारखी वाटायची. ते मनात रोज ती लाल गाडी चालवायचे. एक हात स्टिअरिंगवर, टप उघडा, शेजारी बायको, तिचे केस वाऱ्यावर उडताहेत आणि ती काहीही शिकवत नाहीये! हे चित्र त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा" म्हटलं असतं.

आणि एक दिवस त्या गाडीच्या काचेवर पाटी लागली, 'विकणे आहे'. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे घालून घरी पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी दोघं रस्ता ओलांडून गेले. डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभेच होते.

"पाठीने दगा दिला हो," ते म्हणाले. "या गाडीत बसताना मी डॉक्टर असतो, उतरताना पेशंट! नाहीतर कोण विकतंय हिला."

चष्मेवाल्यांनी तुसडा चेहरा केला. "हं. हीच का ती? मी आपली कधी नीट पाहिली नव्हती."

"काय सांगता! अहो, रोज दारात उभे राहून बघता की! माझे पेशंट विचारतात, तो समोरचा माणूस कुणावर पाळत ठेवून असतो म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. तुसडा चेहरा तिथेच गळून पडला, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

मग चष्मेवाल्यांनी खिशातून डोळे तपासायची बॅटरी काढली आणि दिव्यांपुढे उकिडवे बसले. "हा डोळा ठीक आहे. ह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

"पॉलिशने जातो," डॉक्टर म्हणाले.

"जातो, जातो!" चष्मेवाले घाईने म्हणाले. "पिकलेला नाहीये."

"तुम्ही घेणारे आहात की विकणारे?" बाईंनी विचारलं आणि त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, "अहो, जरा इकडे या."

चष्मेवाले गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी गाडी बघितली होती ती दुकानाच्या दारातून, म्हणजे एकाच बाजूने. दुसरी बाजू त्यांनी आयुष्यात पाहिलीच नव्हती! आणि ती बाजू लाल नव्हतीच. ती जुन्या बनियनबरोबर धुतलेल्या फ्रॉकसारखी फिक्कट गुलाबी होती, मधूनमधून पांढरी.

"ऊन ह्याच अंगाने येतं ना," डॉक्टर पुटपुटले.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गाडी गुलाबीच राहिली.

"मन लहान करू नका," बाई म्हणाल्या. "मलाही तुम्ही पहिल्यांदा बसच्या खिडकीत एकाच बाजूने पाहिलं होतं. दुसऱ्या गालावरची चामखीळ लग्नानंतरच दिसली ना? चालवलंत की."

"मी कुठे नाही म्हणतोय! रंग काय, देता येतो. शिवाय दुकानातून दिसते ती बाजू लालच आहे."

मग बाईंनी तपासणी हातात घेतली. इंजिनातल्या तेलात बोट बुडवून वास घेतला, टायर दाबले, सायलेन्सरमध्ये रुमाल फिरवला आणि काळा झालेला रुमाल डॉक्टरांच्या हातात दिला. बॉनेट उघडताना सवयीने "आ करा" म्हणणारे डॉक्टर आता घाम पुसू लागले, तेही त्याच रुमालाने. इंजिन मात्र निघालं ठणठणीत. सुरू झालं तेव्हा असा काही गोड घुमला त्याचा आवाज, की चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चालवून बघतो!" ते म्हणाले आणि कुणी हो म्हणायच्या आत आत जाऊन बसले.

शेजारी बाई बसल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकवायच्या गाडीत बाईंच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा. शिकाऊ माणूस भिंतीकडे निघाला की बाई तो दाबायच्या. वर्षानुवर्षं असं करून तो पाय स्वतंत्र झाला होता, कुणाचं ऐकत नसे. घरात टीव्हीवर गाडी वेगात वळली की बाई सोफ्यावर बसल्या बसल्या पाय आपटायच्या. थिएटरात तर पुढच्या खुर्चीवरचा माणूस मध्यंतरानंतर जागा बदलून घ्यायचा.

गाडी निघाली. वारा आत शिरला. कोपऱ्यावर एका दुकानाच्या मोठ्या काचेत चष्मेवाल्यांना लाल बाजू दिसली, आत ते स्वतः दिसले, शेजारी बायको दिसली. अगदी मनातलं चित्र! ते बघतच राहिले. तेवढ्यात समोरून सायकलवाला आडवा आला.

"अहोऽऽ!" बाई ओरडल्या आणि त्यांचा तो पाय सगळा जीव एकवटून खाली गेला.

कर्रर्र!

सायकलवाला शिव्या देत निसटला. चष्मेवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"अहो, थांबवा!"

"गेला तो! आता कशाला थांबवू?"

"माझा पाय रस्त्यावर आहे!"

"अगं, पण तू उतरलीस कधी?"

"मी उतरले नाहीये! पाय तेवढा उतरलाय!"

चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं. बायकोचा पाय गुडघ्यापासून खाली गायब होता. ते इतके घाबरले की ब्रेकऐवजी त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. खाली तो पाय बिचारा गाडीबरोबर लंगडी घालू लागला! फुटपाथवरचे लोक वाकून वाकून बघायला लागले.

पण मास्तरीणबाई त्या! त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा शांत झाला. "घाबरू नका. पाय उचला. तुमचा. माझा नाही. आता क्लच. आता ब्रेक, हळू. शाबास. न्यूट्रल. हँडब्रेक. आणि आता रडा."

डॉक्टर कमर धरून धावत आले. पाय पत्र्याच्या कडांत अडकून बसला होता. चष्मेवाले ओढायला गेले तर डॉक्टरांनी त्यांना बाजूला केलं. "ओढायचं नसतं! हलवून सैल करायचं असतं. बाई, आ करा." बाईंनी नकळत आ केला, डॉक्टरांनी मनगट फिरवलं, आणि पाय अलगद बाहेर आला. नुसतं खरचटलं होतं. बुटाचा तळ मात्र पापडासारखा झाला होता.

बाईंनी गाडीतला गालिचा वर उचलला. खाली गंजाचा चुरा, आणि त्यावर चिकटवलेला एक चकचकीत पातळ पत्रा.

"हे काय आहे, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "फिलिंग."

"आतली कीड न काढता?"

"दुखत नव्हतं हो," डॉक्टर एवढंसं तोंड करून म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. "माझे पेशंट मला हेच सांगतात आणि मी त्यांच्यावर खेकसतो."

संपलं! एका डोळ्यात मोतीबिंदू, अर्धं अंग फिक्कट, पायाखाली भोक. बाई आता काय म्हणणार हे ऐकायची चष्मेवाल्यांना हिंमत होईना, म्हणून त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं, "चल घरी. राहू दे ती गाडी." मग गाडीच्या लाल बाजूवरून हात फिरवला. "फार हवी होती गं मला. वाटायचं, एकदा तरी आपण दोघंच निघू. तुझे केस उडतील. तुला काही काम नसेल, कुणावर ओरडायचं नसेल, नुसतं बसायचं."

बाई स्टिअरिंगकडे बघत होत्या.

"नुसतं बसायचंच तर काम करते मी," त्या शेवटी म्हणाल्या. "आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसलेय. स्कूलच्या गाडीत शिकाऊ चालवतात, घरच्या गाडीत तुम्ही. सरका बघू. माझी तपासणी अजून झालेली नाही."

"मी येतो शेजारी."

"नको. तिथे भोक आहे."

बाई एकट्याच गेल्या. चष्मेवाले आणि डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. लांबून इंजिनाचा आवाज यायचा, चढायचा, वळायचा, पुन्हा लांब जायचा. डॉक्टर प्रत्येक आवाजाला म्हणत, "तिसरा टाकला... आता चौथा. अहाहा! हात बघा काय आहे!" चष्मेवाले रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको गाडी चालवते हे सगळ्या जगाला माहीत, आणि तिला चालवताना आपण कधी पाहिलंच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि गाडीपेक्षा ती कधी परत येते याचीच ओढ लागली.

गाडी आली. बाईंचा अंबाडा सुटला होता, केस चेहऱ्यावर आले होते, गाल लाल. दोन्ही गाल, चामखीळवाला धरून! त्या इंजिन बंद करून तशाच बसून राहिल्या. तोंडावर काय लिहिलंय ते चष्मेवाल्यांनी चष्म्याशिवाय वाचलं. दुर्दैवाने डॉक्टरांनीही वाचलं.

"तपासली," बाई म्हणाल्या. "घ्यायची!"

भाव एका पैशाने उतरला नाही.

भोकावर नवा पत्रा बसला, मोतीबिंदू निघाला, दुसरी बाजूही लाल झाली. सगळं मनासारखं झालं म्हणायचं! फक्त गाडी सकाळी बाईंबरोबर ड्रायव्हिंग स्कूलला जाते आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत येते. चष्मेवाल्यांना किल्ली मिळायची आहे. त्या दिवशीचा त्यांचा क्लच आणि काचेत बघणं पाहून बाईंनी त्यांचं नाव पहाटेच्या बॅचमध्ये घातलंय. पास झाले की किल्ली. अजून झाले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते शेजारच्या सीटवर बसतात, वळणावर जिवाच्या आकांताने पाय आपटतात, आणि बायकोचे केस उडताना बघतात. ते चित्र मात्र मनातल्यापेक्षा कांकणभर सरसच निघालं, हे ते कुणालाही सांगतात.

बाकी दिवस दुकान. परवा एका गिऱ्हाइकाला त्यांनी नवा चष्मा चढवला आणि सवयीने हाताला धरून दारात आणलं.

"बोला, समोर काय दिसतं?"

गिऱ्हाइकाने डोळे बारीक केले, मोठे केले, मान तिरपी केली. "काहीच नाही हो. नुसती रिकामी जागा. आणि पलीकडे एक डॉक्टर दारात उभे राहून तिच्याकडेच बघताहेत."

चष्मेवाल्यांनी लांब उसासा टाकला.

"नंबर अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही तेच दिसतं."