बॅनरवरचे सासरे

पेटी माळ्यावर टाकून मी लॅपटॉप उघडला, तो मंगळवार होता. वीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवली, आता व्हिडिओ बघून बघून डिझायनर व्हायचं ठरवलं. (माझ्या वादनाला लोक उठून दाद द्यायचे. निदान उठायचे, हे नक्की.)

पहिलं काम घरचंच निघालं. केशोरीला मेहुणीचं, चेतनाचं लग्न. सासरे बकारामजी बॅनर गोंदियाहून आणणार होते, पण माझी बायको प्रेमिला मध्ये पडली. मला बजावलं, "बाबाचा फोटो मस्त दिसला पायजे. मी जबान देली हाय!" सासरे आधीच खट्टू होते. शेताच्या बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, पाण्यावरून नऊ वर्षं अबोला धरलेल्या धाकट्या भावानं, गोवर्धनकाकांनी, पत्रिका परत पाठवली होती.

फोटोमागची भिंत पुसायला गेलो, तर सासऱ्यांचा डावा खांदाही पुसला गेला. नाटकातला नियम असा, की सूर चुकला तर थांबायचं नाही, पुढे रेटायचं. मी खांद्याच्या जागी झेंडूची फुलं टाकली. एकाच बाजूला बरी दिसेनात, म्हणून दुसरीकडेही टाकली, मग दोन्ही खाली जोडून घेतली. तळाशी रिकामं वाटलं, तिथे समई ठेवली. रंग जुळेनात, तेव्हा फोटो काळा-पांढरा केला. आणि 'शुभविवाह' जरा बारीक अक्षरांत, सभ्य दिसावं म्हणून.

बॅनर बसस्टँडवर लागला. दाद घ्यायला मी खालीच उभा राहिलो. अर्जुनी मोरगावच्या बसमधून सासऱ्यांची बहीण, रुख्माआत्या, उतरल्या. त्यांना वाचता येत नाही. बॅनरकडे पाहिलं आणि मटकन खाली बसून रडायलाच लागल्या. माझा ऊर भरून आला. पेटीनं वीस वर्षांत कुणाला रडवलं नव्हतं!

"कवा झालं, जवाई?"

"काल दुपारी, आत्या."

"अचानक?"

"छे! पंधरा दिवस चाललं होतं."

"लय तरास झाला असंल?"

"मान पार आखडली."

"जवळ कोन होता?"

"मी एकटाच. जे केलं ते मीच केलं."

आत्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि पिशवीतून फोन काढला.

तासाभरात मांडवासमोर मोटारसायकलींची रांग लागली. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात पांढरं कापड. (आहेर असा कसा, मला कळेना.) सर्वांत पुढे गोवर्धनकाका, "दादा गा!" म्हणून टाहो फोडत. मांडवात सासरे चहात खारी बुडवत बसले होते.

"काऊन रडून राहिला बे?"

काका थिजले. "तू... जिता हायेस?"

"मंग? मरून चाय पिऊन राहिलो काय?"

दोघे भाऊ गळ्यात पडून ढसाढसा रडले. काका लग्नाला थांबले. गर्दी ओसरल्यावर प्रेमिलानं मला कोपऱ्यात घेऊन हार आणि समई समजावून सांगितली, तेव्हा कुठे मी बॅनर उतरवायला पळालो.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी सगळ्यांदेखत बोलावलं. मी मान खाली घालून गेलो.

"जवाई, पत्रिकेनं नाही आला तो तुमच्या बॅनरनं आला. उपकार झाले."

मला एकदम हुरूप आला. म्हटलं, "मग याच आनंदात शेजारून पेटी आणून एखादं पद वाजवू?"

सासऱ्यांनी काकांचा हात घट्ट धरला.

"नाही जवाई. नऊ सालानं आला हाय तो. बसू द्या त्याले."