पिकअप रविवारी का उठेना, याची हकीकत

ज्यांस खरी हकीकत ऐकणे असेल त्यांणी चित्त स्थिर करावे आणि चहा आधीच पिऊन घ्यावा, की मध्ये उठणे होऊ नये. दोन बंधूंच्या सामायिक अंगणात सत्तावीस वर्षांची पिकअप एका रविवारी सकाळी अडून बसली, ती कोणत्या सबबीने अडली आणि किती मानभंग सोसून उठली, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे.

गाडीचे पूर्ववृत्त ऐसे. वडीलसाहेबांनी ती नवी आणिली तेव्हा तिचा रंग आकाशी होता आणि भोंगा ऐसा, की गल्लीतली दारे आपसूक उघडत. तिन्ही मुले मागच्या हौद्यात बसून मिरवत, कन्या मधोमध आणि भाऊ दोहो बाजूंस तिचा फ्रॉक धरून, की खड्ड्यात उडू नये. मग वडीलसाहेब निवर्तले आणि दौलतीची वाटणी जाहली. सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्यांकडे, जे सुतारकाम करीत; मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्यांकडे, जे खिडक्यांना काचा बसवीत. रविवार मात्र वाटणीत राहून गेला. त्या बेवारस रविवारावरून तंटा पेटला आणि बंधू अकरा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. भिंत सामायिक, परंतु निरोप सारे आईसाहेबांमार्फत जात, आणि सांधेदुखी असता आईसाहेब दिवसातून सात खेपा घालीत.

ऐशा समयी त्या रविवारी सकाळी कन्येचा फोन आला. तिच्या शिवणाच्या दुकानाची मुदत त्याच दिवशी चार वाजता सरत होती, मग घरमालक शटरला नवे कुलूप घालणार, आणि आत राहील ते आतच राहणार ऐसा त्याचा लेखी हुकूम. आत सहा शिलाई यंत्रे, तिची सारी रोजीरोटी. ठरवलेला टेम्पोवाला सकाळीच फिरला होता. आईसाहेबांनी तत्काळ फर्माविले की पिकअप निघावी, आणि कोणाचा वार हा विषय कोणी काढू नये.

थोरले खासा गाडीवर चढले आणि किल्ली फिरविली. गाडी गप्प. दिवे लखलखीत, भोंगा खणखणीत, आणि इंजिन रुसलेल्या जावयासारखे मुके. थोरल्या वहिनींचा इतबार बॅटरीवर नव्हता, सबब त्यांणी कढत पाणी ओतून तिची टोके घासली आणि तेच पाणी धाकट्यांच्या चपलांवर गेले. लाभ शून्य. मग थोरल्यांनी समस्तांस दोर आणावयास धाडिले आणि एकट्यांनी पुन्हा किल्ली फिरविली, तो इंजिन घुरघुरले! मंडळी धावत आली. परंतु ते नुसते घुरघुरे, पेट घेईना. थोरले चकित जाहले, घटकाभर खाली वाकून काहीबाही करिते जाहले, आणि पुढच्या खेपेस गाडी पुनश्च मुकी.

मग धाकट्यांनी आईसाहेबांमार्फत कळविले की आता आपण पाहतो. त्यांणी सर्वांस मागे धूर निघतो का ते पाहण्यास उभे केले. धूर नाही, घुरघुर नाही. धाकटेही चकित जाहले आणि तेही खाली वाकले. मग ढकलून पाहिली. गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणिली, त्यात शेजारच्या निवृत्त ग्रंथपालांचा श्वास आणि चष्मा दोन्ही गेले, चष्मा पुढे सापडला.

अकरा वाजता मिस्त्रींस पाचारण जाहले. हे मिस्त्री वृद्ध, अल्पभाषी, आणि इंजिनास लांब पेचकस लावून त्याचे दुसरे टोक कानास लावणारे. त्यांणी दिवे लावून किल्ली फिरविली. दिवे मंद होईनात, सबब बॅटरी निर्दोष ठरली आणि वहिनींनी धाकट्यांच्या चपलांकडे पाहण्याचे टाळले. मग त्यांणी स्टार्टरास थेट तार जोडिली. इंजिन फिरले, परंतु पेटले नाही. म्हणजे डिझेलही कोठे तरी अडले. एका गाडीस एकाच सकाळी दोन रोग, ऐसे चाळीस वर्षांत त्यांणी पाहिले नव्हते.

मग ते पाठीवर निजून गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात. तेथे त्यांस दोन नव्या तारा दिसल्या. स्टार्टरची तार मध्येच तोडून आत वळविलेली, आणि ती पितळी स्क्रूंनी ऐशी बसविलेली की एकाचेही डोके वर नाही. डिझेल सोडणाऱ्या वाल्वची तारही तशीच तोडलेली, परंतु ती काच चिकटविण्याच्या पारदर्शक सिलिकॉनने जागोजाग डकविलेली, आणि त्यावर अंगठा उमटलेला. दोन्ही तारा आसनाकडे जात होत्या. मिस्त्रींनी पुढे हात घातला नाही, कारण पुढचा मुलूख घरचा. ते बाहेर आले, हात पुसले आणि आईसाहेबांच्या खुर्चीपाशी जाऊन हळू बोलले.

"बाई, गाडी ठणठणीत आहे. तिला दोन कुलपं घातलीत. एक सुताराच्या हातचं, एक काचवाल्याच्या."

आईसाहेब उमजल्या. रविवारी दुसऱ्याने गाडी नेऊ नये म्हणून दोघांनी शनिवारी आसनापाशी चोरखटके, म्हणजे तार तोडणारी छुपी बटणे, बसविले होते, एकाने दुपारी, एकाने संध्याकाळी. सकाळी बहिणीसाठी प्रत्येकाने आपला खटका गुपचूप उघडला, दुसऱ्याच्या खटक्यामुळे गाडी उठली नाही, आणि चोरी उघडी पडेल या भयाने प्रत्येकाने तो पुन्हा बंद केला.

तोवर दोन वाजत आले होते आणि कन्येचा चौथा फोन आला होता. आईसाहेबांनी कोणास दूषण दिले नाही. समस्तांनी भिंतीकडे तोंड करावे ऐसा हुकूम सोडिला आणि पुत्रांस म्हणाल्या, "कुणी काय केलंय ते मला ऐकायचं नाही. दोघंही आत बसा. मी वळेन तेव्हा गाडी चालू दिसली पाहिजे."

दोघे आत बसले. दारे लागली. मिस्त्रींचे कान तिखट, सबब पुढील मजकूर त्यांच्या साक्षीने लिहिला आहे.

थोरले म्हणाले, "सरक जरा."

अकरा महिन्यांतला हा पहिला शब्द.

"कुठे सरकू?"

"तुझ्या बुडाखाली आहे माझा."

यावर धाकट्यांस हसू फुटले, ते आवरेना. "मग तू पाय घे. माझा तुझ्या गुडघ्यामागं आहे."

किल्ली फिरली आणि पिकअप ऐशी गरजली की भिंतीकडे तोंड केलेले ग्रंथपाल दचकून भिंतीसच नमस्कार करिते जाहले.

पुढे पावणेतीनला बंधू दुकानी पोहोचले. पाच यंत्रे चढली, सहाव्याचे पायडल दारात अडकले, ते थोरल्यांनी खोलले आणि धाकट्यांनी धरिले, आणि घरमालकाचा माणूस कुलूप हाती घेऊन पायरीवर पाहत राहिला. चारला पाच मिनिटे उरली असता दुकान रिकामे जाहले. कन्येने विचारिले की दोघे एकत्र कसे आले, तेव्हा दोघांनीही गाडीचा काही भरवसा नाही इतकेच सांगितले.

मिस्त्रींनी खटके काढून तारा सरळ जोडू का ऐसे पुसले, तेव्हा आईसाहेबांनी साफ मना केले. रविवारी दोन्ही खटके लागावे आणि ज्याचा त्याने उघडावा, हा त्यांचा कायमचा हुकूम.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तंटा मिटला म्हणावे तर तैसे नाही. बंधू जाताना रस्त्यावरून भांडले, येताना दोर बांधण्यावरून भांडले, आणि रात्री जेवणापर्यंत भिंतीच्या दोहो अंगांनी मोठ्याने भांडत होते. आईसाहेबांनी ते सारे ऐकिले, एकही निरोप नेला नाही, गुडघ्यास तेल लाविले आणि निवांत आडव्या जाहल्या.