रामटेके काकांची फायनल

शनिवारी सकाळी रामटेके काकांना फोन केलात तर ते 'हॅलो' म्हणत नाहीत. 'जय भीम' म्हणतात, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत ओरडतात, "स्कोअर सांगायचा नाही!"

आता गंमत अशी, की तो स्कोअर कॅनडातल्या आमच्या अख्ख्या केंब्रिजमध्ये कोणालाच माहीत नसतो. इथल्या गोऱ्यांचा जीव हॉकीत, आपल्या लोकांचा क्रिकेटमध्ये. काकांचा जीव मात्र ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये. तो तिकडे दिवसा, म्हणजे आपल्या रात्री खेळला जातो. डॉक्टरांनी बीपीसाठी काकांचं जागरण बंद केलंय, म्हणून काका शनिवारी सकाळी दहाला रेकॉर्डिंग बघतात. तोपर्यंत जगाने गप्प बसायचं. पोस्टाच्या बाईला ताकीद आहे. दातांच्या डॉक्टरला आहे. ग्रोसरीतल्या सरदारजींनासुद्धा आहे. ते बिचारे "नहीं बताऊंगा जी, कसम से" म्हणाले आणि काका दाराबाहेर गेल्यावर मला हळूच विचारते झाले, "वैसे, किस चीज़ का स्कोर?"

काका माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या प्लांटमधले. गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपला. मूळचे नागपूरचे. तिथून ऑस्ट्रेलियाला गेले, तिथेही गाड्यांच्याच कारखान्यात बरीच वर्षं काढली. मग तिथे गाड्या बनवणंच बंद झालं, तेव्हा बायको-मुलाला घेऊन इकडे आले. घरातलं निम्मं सामान तिकडेच वाटून टाकलं म्हणे, पण पेलिकनचा मफलर मात्र गळ्यात घालून विमानात बसले. पेलिकन म्हणजे त्यांची टीम.

हा निळा-पांढरा लोकरी मफलर काका जुलैत घालतात. आमच्या बार्बेक्यूला सगळे चड्ड्यांवर, आणि काका गळ्याभोवती दोन वेढे देऊन घामाघूम.

"अहो काका, तीस डिग्री आहे!"

"इथं असंल, ताई. तिथं हिवाळा हाय ना! पोरं गारठ्यात खेळून राहिली, अन् मी गळा उघडा टाकून फिरू?"

मी त्यांना पन्हं दिलं.

एकदा माझ्याकडून चूक झाली. मी विचारलं, "काका, हे रग्बीसारखंच असतं ना?" काकांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या आईवरून काहीतरी बोलले. मग ते उठले, माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यावर मैदान मांडलं. मधे दोन लाटणी उभी, बाजूंना दोन उलथणी. मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणे ही आपली टीम, मोहरी ही समोरची. "दोन लाटण्यांच्या मधून बॉल गेला, सहा पॉइंट. लाटणं अन् उलथण्याच्या मधून गेला, तं एक पॉइंट."

"म्हणजे नेम चुकला तरी पॉइंट?"

"मंग! मेहनत केली का नाही त्यानं?"

त्या दिवशी आमच्याकडे जेवायला दीड तास उशीर झाला आणि पुढे आठवडाभर फोडणीत मोहरीपेक्षा मेथी जास्त पडत होती.

खेळाडूंची खरी नावं काका कधी घेत नाहीत. त्यांनी आपली ठेवली आहेत. सात नंबरचा बारक्या. तो बुटका, चपळ, आणि काकांच्या मते लहानपणी त्याला पोटभर दूध मिळालं नसावं. सहा फूट नऊ इंचांचा तो उंटभाऊ. उंटभाऊ समोरच्याच्या खांद्यावर गुडघा ठेवून हवेतून बॉल काढतो, आणि त्याने तो काढला की काका ओळखीच्या मुलाचा बोर्डाचा निकाल लागल्यासारखे आजूबाजूला बघतात. आणि मग मामा. मामा पुढे खेळणारा, टीममधला सर्वांत वयस्कर. गोल मारायचं काम त्याचं, आणि तो मारत नाही. लाटणं-उलथण्याच्या मधून घालतो.

"मामाले नजर हाय, पाय हाय," काका म्हणतात, "फक्त दोघांची ओळख नाही."

पण दुसऱ्या कोणी मामाला नाव ठेवलं की संपलं. अभय एकदा म्हणाला, "काढून टाका की त्याला." काका दोन आठवडे अभयशी कामापुरतंच बोलले.

काका आमच्या इथल्या जयंती समितीचे सेक्रेटरी. माणूस कामाला वाघ. हॉल बुक करण्यापासून शेवटची खुर्ची घडी करण्यापर्यंत सगळं करतात. यंदा वंदना झाल्यावर त्यांनी माइक घेतला, समाजाच्या एकजुटीवर फार सुंदर बोलले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी म्हणाले, "जे जे आजारी असतील ते बरे होवोत. विशेषतः गुडघ्यानं." हॉलमधल्या तीन-चार आज्या कृतज्ञतेने त्यांच्याकडे बघू लागल्या. त्यांना कुठे माहीत, की बारक्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं!

सुनंदाकाकू हे सगळं हसून घ्यायच्या. पण गेल्या हिवाळ्यात त्या दूर रेजिना शहरात गेल्या, मुलाकडे. नातू झाला, सून नोकरीवर, बाळाला बघायला कोणीतरी हवंच. महिनाभरासाठी गेल्या, त्याला आता आठ महिने होत आले. काका एकटे. पण ते एकटेपण कधी बोलून दाखवणार नाहीत. अभयने विचारलं तर म्हणायचे, "मस्त हाय बापा! रिमोट माझ्याच हातात."

आणि नेमकं याच वर्षी पेलिकन फायनलला पोचले!

काका ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून पेलिकननी एकदाही कप जिंकलेला नाही. फायनलचं ठरलं त्या दिवशी काका आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. "ताई, मले एकदा, फक्त एकदा त्या पोरांना कप उचलताना पाहायचंय. पण चार माणसांत बसून. तुम्ही सगळे याल ना?" एवढ्या मोठ्या माणसाने असं विचारल्यावर मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "काका, विचारता काय? येणार म्हणजे येणार."

फायनलच्या शनिवारी सकाळी पावणेदहाला आम्ही सातजण त्यांच्या बेसमेंटमध्ये हजर. दारात मोठं पातेलं. त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे, वर झाकण. तर्री-पोहे तयार होते. काकांचे डोळे लाल दिसत होते. मी म्हटलं, "झोपला नाहीत वाटतं?" तर म्हणाले, "फायनलच्या आदल्या दिवशी कोणाले झोप येते?"

सामना सुरू झाला आणि पेलिकननी मार खायला सुरुवात केली. पहिल्या भागात मागे, दुसऱ्यात आणखी मागे. उंटभाऊच्या हातून बॉल निसटत होते. मामाने दोनदा नेम धरला आणि दोन्ही वेळा उलथण्याच्या बाजूला घातला. "मेहनत करून राहिला," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात वर बेल वाजली. मी गेले. दारात पल्लवी. आमच्याच गल्लीतली, पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. गाल लाल, हातात स्टीलचा डबा. "मनीषाताई, पास झाले! तिसऱ्या खेपेला रोड टेस्ट पास! स्वतः गाडी चालवत आले बघा!" बिचारीने मिल्क पावडरचे पेढे वळून आणले होते. मी तिला मिठी मारली आणि तोंडावर बोट ठेवून खाली आणलं.

आणि इथेच घोटाळा झाला. आमच्यात पेढे म्हणजे काय, सांगायला नको. तिने खाली येऊन डब्याचं झाकण काढलं. सातही माणसं पेढ्यांकडे बघतायत. कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे बापरे, हिला कळलं."

मी तोंड उघडलं, "नाही नाही, काका, हे तर..."

काकांनी हात वर केला. "ताई, एक शब्द नाही. कोणी काही बोलायचं नाही." मग शांतपणे एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि टीव्हीकडे वळून बसले. चेहऱ्यावर हसू.

या माणसाने गृहीत धरलं की आपण जिंकलोय! आणि मला खरं बोलायची परवानगी नाही! मी पल्लवीला चिमटा काढला, तिला काही कळेना, ती बापडी सगळ्यांना पेढे वाटत सुटली.

तिसरा भाग संपला तेव्हा पेलिकन बत्तीस पॉइंटांनी मागे. बत्तीस! अभयने डोकं धरलं होतं. आणि काका? मांडीवर मांडी टाकून दुसरा पेढा खातायत. "होईल, होईल. घाबरू नका." सगळ्यांना धीर देतायत. मी आतल्या आत मरत होते. शेवटच्या भोंग्यानंतर या माणसाच्या तोंडाकडे मी बघणार कशी? आयुष्यभराची इच्छा, आणि ती एका ड्रायव्हिंग लायसनच्या पेढ्यावर टांगलेली!

शेवटच्या भागात बारक्या सुटला. त्या गुडघ्यावर, हो! कुठून घुसायचा, कुठून निघायचा, समोरच्यांना पत्ता लागेना. एक गोल. दुसरा. उंटभाऊने तिघांच्या डोक्यावरून बॉल खेचला. तिसरा, चौथा, शिवाय उलथण्याकडचे तीन सुटे पॉइंट. आम्ही खुर्च्यांवरून कधी उठलो ते कळलं नाही. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही आणि मी "उंटभाऊऽऽ" म्हणून किंचाळत होते.

पाच पॉइंट मागे. शेवटचे काही सेकंद. बॉल उंच आला आणि छातीवर झेलला कोणी? मामाने! झेलला आणि भोंगा वाजला. काका म्हणाले, झेलला असला तर भोंग्यानंतरही किक मारता येते. लाटण्यांमधून गेला तर सहा, कप आपला. उलथण्याकडे गेला तर एक, सगळं संपलं.

"मामा नको रे," अभय कळवळून म्हणाला. मी डोळे मिटले. मिटायच्या आधी काकांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघतच नव्हते. ते आमच्याकडे बघत होते, एकेकाच्या चेहऱ्याकडे.

आणि मग घर हादरलं. मामाने बरोबर मधून घातला होता!

पुढची पाच मिनिटं काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. अभयने काकांना उचललं. काकांनी अभयला उचलायचा प्रयत्न केला. पल्लवी, जिला कोण कुणाशी खेळतंय हेही माहीत नव्हतं, ढसाढसा रडत होती. काका प्रत्येकाला कडकडून मिठी मारत होते, आणि एक फेरी संपल्यावर त्यांनी दुसरी सुरू केली. मफलर माझ्या गळ्यात कधी आला देव जाणे.

वर स्वयंपाकघरात काका चहा टाकत होते तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "काका, माफ करा. ते पेढे मॅचचे नव्हतेच. पल्लवी रोड टेस्ट पास झाली, त्याचे होते. मी सांगणार होते, पण तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"माहीत हाय," काका म्हणाले. "पोरगी गाडीची किल्ली बोटावर फिरवत खाली आली ना."

"मग तुम्ही एवढे निवांत कसे? बत्तीसने मागे होतो आपण!"

काका चहात साखर ढवळत राहिले. विरघळून गेली तरी ढवळत होते.

"रात्री पाहिली मी मॅच, ताई. राहवलंच नाही. मामानं गोल मारला अन् मी अशी उडी मारली! मंग इकडं पाहतो, तिकडं पाहतो. कोणीच नाही. सुनंदाले फोन लावला. ती हळूच म्हणे, बाळ आत्ताच झोपलं हो, उद्या सांगा. बरोबर हाय तिचं. पण एवढा मोठा कप जिंकलो अन् मिठी मारायले माणूस नाही. तसाच सोफ्यावर बसून राहिलो सकाळपर्यंत. म्हटलं, लोक येणारच हायेत. दहा वाजता पुन्हा जिंकू."

मी दुधाचं पातेलं उगाचच गॅसवरून उतरवलं आणि परत चढवलं.

"सीझन संपला आता," काका कप भरत म्हणाले. "मार्चपर्यंत काही नाही. तुमचे शनिवार मोकळे."

पुढच्या शनिवारी दहाला आम्ही त्यांच्या दारात उभे होतो. अभय, मी, आणि स्वतः गाडी चालवत आलेली पल्लवी. काकांनी दार उघडलं, गोंधळून म्हणाले, "अहो, आज मॅच नाही."

"माहीत आहे," अभय बूट काढत म्हणाला. "फायनलच लावा. शेवटचा भाग मला नीट बघायचाय."

काकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. मग घाईघाईने खाली जाऊन खुर्च्या मांडायला लागले. सव्वाबाराच्या सुमाराला मामाने मधून घातला, आणि आम्ही पुन्हा जिंकलो.