ऐकू का, ससुबाई?

एका जंगलात, बाळांनो, एक मैना राहत होती. कुणाचंही बोलणं ती एकदा ऐकायची आणि त्याच्याच आवाजात परत म्हणून दाखवायची. मधला खोकलासुद्धा सोडायची नाही.

एकदा ती लांडग्याच्या घरावरच्या फांदीवर बसली होती. आत लांडगा बायकोला म्हणत होता, "उद्या ससुबाईची पिल्लं आणतो. कोवळी आहेत. तू मीठ तेवढं बघ."

मैनेने हे जसंच्या तसं ससुबाई सशिणीला ऐकवलं. ससुबाई पिल्लांना घेऊन रातोरात दुसऱ्या बिळात गेली.

लांडग्याने पंचायत बोलावली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी घरात बायकोशी काय बोलतो, ते जंगलाने का ऐकावं?"

सगळ्यांना आपापलं घरातलं बोलणं आठवलं. अस्वलाने घरी हत्तीला ढोल म्हटलं होतं. माकडाने सासूची नक्कल केली होती. मग सगळेच म्हणाले, "खरं आहे. कायदा हवा."

"मीच सांगतो, लिहून घ्या," लांडगा म्हणाला. "विचारल्याशिवाय कुणी कुणाचं काहीही ऐकायचं नाही. शिक्षा कडक ठेवा."

"मी अंगावर बसेन," हत्ती म्हणाला.

"चालेल, अण्णा. जरा वेळ बसा."

दुसऱ्या दिवशी लांडगा ससुबाईच्या नव्या बिळापाशी आला. पिल्लं कुठल्या बाजूला आहेत ते कळावं म्हणून त्याने जमिनीला कान लावला. मैनेने ते पाहिलं. बघायला बंदी नव्हती. तिने हत्तीला बोलावून आणलं.

"लांडगेभाऊ, काय करताय?"

"ऐकतोय."

"विचारलंत का?"

"अण्णा, विचारलं तर ती पळतील की."

हत्ती नुसता वळला आणि बसायच्या बेताने थोडा वाकला.

लांडगा घाईघाईने बिळात तोंड घालून म्हणाला, "ससुबाई, तुमची पिल्लं कुठं आहेत ते मी ऐकू का?"

आतून ससुबाई म्हणाली, "थांबा हं भाऊजी. मुलांना विचारून सांगते."

आणि पिल्लांना घेऊन ती मागच्या तोंडाने निघून गेली.

लांडगा अजून उत्तराची वाट बघत बिळापाशी बसून आहे. मधूनमधून करवंदं खातो. हत्ती शेजारी उभा असतो.

तात्पर्य : कायदा लिहायला नेहमी लबाडालाच बसवावं. दुसऱ्याला अडकवायच्या नादात तो एकही पळवाट ठेवत नाही.