चंदेरी कॅमेरा खोटा

छगनच्या स्टुडिओतल्या काउंटरवर चार दिवसांपासून दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांच्यासमोर छगन बसला होता. एक काळा, एक चंदेरी. दोन्ही तळहातात मावतील एवढे, दोन्ही नव्या पद्धतीचे, आत आरसा नसलेले. बावीस वर्षं अवजड कॅमेरा गळ्यात वागवून छगनचा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, "खांदा ठेवायचा की कॅमेरा, ते एकदा ठरव." खांदा ठेवायचं ठरलं. मग नगरच्या ओळखीच्या दुकानदाराने हे दोन छोटे कॅमेरे हातात दिले. "दहा-बारा दिवस वापर. आवडेल तो ठेव, दुसरा परत आण."

इथेच पंचाईत झाली. दोनांतून एक निवडायची वेळ छगनवर आजवर आलीच नव्हती. श्रीगोंद्यात गाळा घेतला तेव्हा एकच रिकामा होता. मोनिकाचं स्थळ आलं तेव्हा तेही एकच होतं.

"ठरलं का?" मोनिकाने डबा ठेवायला काउंटरवर जागा शोधत विचारलं. फोटो छगनने काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते नीट करायचे मोनिकाने, अशी त्यांच्यात वाटणी होती.

"काळा हातात चांगला बसतो. चंदेरीला कमी उजेडात जास्त दिसतं."

"मग?"

"मग तेच तर."

"आत आरसा न्हाई म्हनता, तरी चार दिस त्यात तोंड बघत बसलाय," मोनिका म्हणाली आणि दोन्ही कॅमेरे बाजूला सारून तिने डबा उघडला.

शेवटी छगनने ठरवलं की एका कार्यात दोन्ही कॅमेरे न्यायचे आणि फोटोंनाच काय ते बोलू द्यायचं. रविवारी काष्टीच्या अलीकडे अंगदरावांच्या वस्तीवर त्यांच्या सृष्टीचा साखरपुडा होता. नवरा मुलगा रविराज कर्जतकडचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि आत्याने, बनुबाईने, त्याला वाढवलं होतं. मुलीसाठी आणलेली डाळिंबी पैठणी बनुबाईने नगरच्या दुकानात अर्धा दिवस बसून, सगळी कपाटं रिकामी करायला लावून निवडली होती. ती हकिकत मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला तिने स्वतः सांगितली. छगनला दोनदा सांगितली.

काळ्या कॅमेऱ्याने सुरुवात झाली. सृष्टी डाळिंबी साडी नेसून बाहेर आली, ओटी भरली, अंगठ्या झाल्या. काळ्याने सगळं झकास टिपलं. पंगत बसली, नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायची वेळ आली आणि छगनने कॅमेरा डोळ्याला लावला तर बॅटरी संपलेली. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटीच. तो धावत गाडीकडे गेला, चंदेरी काढला, त्याची लेन्स पुसली आणि परत आला तोवर घास भरवून झाले होते, सृष्टी आत गेली होती आणि रविराज पाण्याचा ग्लास हातात धरून उगाच आढ्याकडे बघत होता. पाऊण तासाने सृष्टी बाहेर आली तेव्हा मांडवात अंधारून आलं होतं आणि जो तो निघायच्या घाईत होता. जोडीचे, घरच्यांचे, पाहुण्यांचे फोटो चंदेरीने झाले.

सोमवारी मोनिकाने फोटो कॉम्प्युटरवर घेतले, निवडले आणि दोन्ही घरच्यांना पाठवून दिले. छगन मागे उभा राहून बघत होता. जेवणाच्या आधीच्या फोटोंत सृष्टीची साडी डाळिंबी होती. जेवणानंतरच्या फोटोंत आमसुली.

"सापडला!" छगनने काउंटरवर थाप मारली. "चंदेरीचा रंग फसवा हाय. काळा ठेवायचा. ठरलं."

मोनिका फोटो मागे-पुढे करत राहिली. "अंगदरावांचा फेटा दोन्हीकडं सारखाच केशरी दिसतोय. मग साडीच तेवढी कशी बदलली?"

"प्रत्येक कॅमेऱ्याचा एखादा रंग कच्चा असतो. ह्याचा डाळिंबी कच्चा." छगनला निर्णय मिळाला होता आणि तो त्याला मोडू द्यायचा नव्हता. त्या दिवशी तो चार घास जास्त जेवला.

मंगळवारी सकाळी बनुबाईचा फोन आला.

"छगन, माझ्या साडीचं काय झालं?"

"कोनत्या साडीचं, आत्या?"

"मी दिलेली साडी पोरीनं जेवल्यावर काढून ठेवली आन दुसरीच नेसली. फोटोत दिसतंय की! सासरची साडी दोन तास अंगावर ठेवाया जड झाली व्हय तिला?"

छगनने सुटकेचा श्वास सोडला. उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. "न्हाई वो आत्या! साडी तीच हाय. तो दोष कॅमेऱ्याचा हाय. दोन कॅमेरे हुते माझ्याकडं, त्यातला एक रंग चुकीचा दाखवतो."

मग बनुबाई म्हणाली, "मग दाखव की. शुक्रवारी आमी येतो. त्यांना बी साडी घेऊन बोलव. सगळ्यांसमोर दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढ. दोन रंग आले तर माझी काय बी तक्रार न्हाई."

छगनला यात वावगं काही दिसलं नाही. त्याने सरळ मनाने अंगदरावांना फोन लावला. "शुक्रवारी जरा साडी घेऊन स्टुडिओत या. आत्यांना तपासून बघायचीये."

"काय बघायचीये?"

"साडी. तीच हाय का दुसरी, येवढंच."

हे शब्द तोंडातून गेल्यावर छगनला कळलं की ते वेगळ्या प्रकारे सांगायला हवे होते. अंगदराव शांत माणूस, पण त्या दिवशी ते शांत राहिले नाहीत. "म्हंजे माझ्या लेकीनं साडी लांबवली? झडती घेनार आमची? तुझ्या दुकानात?" त्यांनी तडक प्रेसवाल्याला फोन करून लग्नपत्रिकांची छपाई थांबवली. ते कर्जतला कळलं, तेव्हा तिकडून मांडववाल्याला थांबायचा निरोप गेला. बुधवारपर्यंत श्रीगोंद्याच्या बाजारात बोललं जाऊ लागलं की छगनने काढलेल्या फोटोंमुळे एक सोयरीक मोडायला आलीये. भाजी घ्यायला गेलेल्या मोनिकाला एका बाईने विचारलंसुद्धा, "तुमच्या मालकांनी असं काय काढलं गं फोटोत?"

"शुक्रवारी सगळं मिटंल," छगन म्हणत राहिला. पण त्याची झोप उडाली. बावीस वर्षांत कुणाचा फोटो हलला असेल, कुणाचे डोळे मिटले असतील, पण छगनच्या फोटोमुळे कुणाच्या मुलीचं लग्न अडलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता मंडळी आली. एका बाकावर बनुबाई आणि रविराज. समोरच्या बाकावर अंगदराव, सृष्टी आणि सृष्टीची वहिनी दिशा. दिशाच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत साडी. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. मोनिकाने पाणी दिलं, ते कोणी प्यायलं नाही. रविराज बुटांच्या लेसकडे बघत बसला.

दारापाशी चांगला उजेड होता. तिथे स्टुलावर दिशाने साडी उलगडली, घडीची एक बाजू मात्र हाताने दाबून धरली. छगनने आधी काळ्याने फोटो काढला. डाळिंबी. मग चंदेरीने काढला, आणि मंडळींना दाखवायला कॅमेरा वळवण्याआधी स्वतः पडद्यावर बघितलं.

डाळिंबी. स्वच्छ, खणखणीत डाळिंबी. काळ्यापेक्षाही खरी.

छगनने मान वर केली. दिशा त्याच्याकडे बघत होती. सृष्टीही बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. अंगदरावांच्या चेहऱ्यावर मात्र नुसता राग होता. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. छगनला त्या क्षणी सगळं कळलं. कसं झालं ते नाही, पण साडी खरंच बदलली होती, आणि चंदेरीने रविवारीही खरंच सांगितलं होतं.

"दाव की," बनुबाई म्हणाली.

"दोन्ही सारखेच आले की काय?" मोनिका पुढे होत म्हणाली. "मी तवाच म्हनलं हुतं, फेट्याचा रंग…"

"मोनिका, चहा टाक."

"आत्ता? आधी बघू तर द्या."

"सगळ्यांना टाक. आलं घालून. आलं आनायला जा."

मोनिकाने त्याच्याकडे नीट बघितलं. बारा वर्षांच्या संसारात त्याने तिला आलं आणायला कधी पाठवलं नव्हतं. ती चप्पल घालून गेली.

"येक फोटो हलला," छगन म्हणाला. "परत काढतो." त्याने पाठमोरं होऊन चंदेरीवर पिवळ्या बल्बच्या उजेडाची सेटिंग लावली. भर उन्हात ती सेटिंग लावली की सगळ्यावर निळी झाक चढते, हे त्याला शिकाऊ असल्यापासून माहीत होतं. फोटो निघाला. भिंत निळी, स्टूल निळं, दिशाचा हातसुद्धा निळा. त्याने चित्र मोठं करत करत डाळिंबीचा आमसुली झालेला पदराचा तेवढा तुकडा पडद्यावर ठेवला आणि कॅमेरा बनुबाईपुढे धरला.

"हा काळ्याचा. आन हा चंदेरीचा. बघा आत्या. साडी येकच, रंग दोन."

बनुबाईने चष्मा पुसला. पडदा बघितला. स्टुलावरची साडी बघितली, दिशाच्या हाताखालची घडी बघितली. मग सृष्टीकडे, आणि शेवटी शेजारी बसलेल्या रविराजकडे. रविराजची लेस अजून सुटली नव्हती, तरी तो ती बांधत होता.

"बरं," ती म्हणाली. "कॅमेरा खोटा हाय म्हनायचा."

"खोटाच," छगन म्हणाला.

अंगदराव उठून उभे राहिले. "मग असला खोटा कॅमेरा घेऊन आमच्या कार्यात यायचंच कशाला? चार दिस पानी घशाखाली उतरलं न्हाई आमच्या!"

"चुकलं माझं, दादा."

"चुकलं काय चुकलं! लोकांच्या लेकीबाळींचा प्रश्न असतो!"

छगन मान खाली घालून ऐकत राहिला. तेवढ्यात चहा आला. अंगदरावांनी बनुबाईपुढे कप केला, बनुबाईने तो सृष्टीला दिला, आणि प्रेसवाल्याला पत्रिका छापायचा फोन तिथूनच गेला.

सोयरीक वाचली, पण छगनचं नाव गेलं. शनिवारी बारशाची ऑर्डर देणाऱ्याने विचारलं, "खरा कॅमेरा आननार ना?" रविवारी सलूनमध्ये कोणीतरी म्हणालं की छगन काळ्याला गोरा आणि लालला निळा करतो. दिशाने मोनिकाला फोन करून आभार मानले, बाकी काही सांगितलं नाही. मोनिकानेही विचारलं नाही.

"चंदेरीच चांगला हाय," छगन काउंटरवर दोन्ही कॅमेरे ठेवून म्हणाला. "तोच ठेवायचा हुता. पन आता त्याला घेऊन गावात फिरता यायचं न्हाई. त्यो परत देतो."

सोमवारी तो नगरला निघाला असतानाच कर्जतच्या एसटीने बनुबाई एकटी आली. बाकावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आमच्या पत्रिकेवर घालायला जोडीचा फोटो पायजे. चंदेरीतला दे."

"आत्या, त्यात रंग…"

"रंगाचं ऱ्हाऊ दे. माझ्या साडीच्या पदराला मी सोताच्या हातानं गोंडे वळल्यात. आमसुलीला गोंडेच न्हाईत. तुझ्या त्या कॅमेऱ्यात पदरावरच्या मोराच्या पिसाचे डोळे मोजता येत्यात, गोंडे दिसले नसते व्हय?"

छगन खाली बसला. "मग शुक्रवारी बोलला न्हाईत?"

"बोलायलाच आल्ते. पन त्या पोरीनं घडी दाबून धरली हुती, तिथं तेलाचा डाग हुता आमटीचा. आन माझा रवी खाली मान घालून लेस बांधत हुता. त्याचा हात ताटावर लहानपनापास्नं थरथरतो. घास भरवताना त्यानंच सांडली असनार." तिने रिकामा ग्लास बाकावर ठेवला. "पोरीनं त्याचं नाव घेतलं न्हाई. बापाला बी सांगितलं न्हाई. आळ सोतावर घेतला. मग म्या काय बोलू?"

"म्हंजे तुमाला माहीत हाय, की कॅमेरा खोटा न्हवता."

"कॅमेरा न्हवता. तू हुतास." बनुबाई हसली नाही. "लग्नाला कोंचा आननार?"

"काळा. लोकांचा इस्वास…"

"चंदेरी आन. माझ्या एकुलत्या पोराचं लग्न हाय, मला खरे फोटो पायजेत." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "पंगतीला तेवढा बंद ठेव."

एसटी गेल्यावर छगनने पिशवीतला चंदेरी बाहेर काढला. मग काळा कॅमेरा पिशवीत घालून तो नगरला परत देऊन आला. तोवर आतून सगळं ऐकलेल्या मोनिकाने इलेक्ट्रिकवाल्याकडून काळी चिकटपट्टी आणून ठेवली होती. संध्याकाळभर बसून तिने चंदेरीचा इंच न् इंच असा मढवला, की तो जन्मापासून काळाच असावा.

लग्नात छगनने पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच कॅमेऱ्याने फोटो काढले. आठ दिवसांनी अंगदराव अल्बम न्यायला आले. पानं उलटताना त्यांचे डोळे ओले झाले. सृष्टीचा शालू, तिच्या हातावरची मेंदी, कपाळावरचा घामाचा थेंब, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी काउंटरवरच्या काळ्या कॅमेऱ्याकडे मोठ्या आदराने बघितलं.

"बघ छगन," ते म्हणाले, "तवा रागावलो, पन तुझ्या भल्यासाठीच. खरा कॅमेरा तो खराच!"

"व्हय दादा," छगन गंभीरपणे म्हणाला, आणि सुटत आलेलं चिकटपट्टीचं एक टोक त्याने अंगठ्याने हळूच दाबून बसवलं.