एल्डन सोरेन्सन यांच्या स्मरणशक्तीचा जाहीर गुण

चाळिशीनंतर माणसाची स्मरणशक्ती हळूहळू कमी होत जाते. ती किती कमी झाली, हे मात्र शेजाऱ्यांच्या पक्कं लक्षात राहतं. युटा राज्यातलं सेज बेंड हे गाव या नियमाला अपवाद नव्हतं आणि एल्डन सोरेन्सन तर मुळीच नव्हते.

एल्डन यांनी उभा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर एकदा ते गाडीने किराणा आणायला गेले, पिशव्या सांभाळत पायी घरी आले, दारात गाडी नाही असं पाहून चोरीची तक्रार देऊन मोकळे झाले. तपासाअंती सदर गाडी दुकानासमोरच आढळली. आत त्यांच्या पत्नी व्हर्ला विणकाम करत बसल्या होत्या. (त्या हरवल्याची तक्रार द्यायची राहून गेली होती.)

मुलगी लारे हिने त्याच दिवशी निकाल दिला. "बाबा, अजून एकदा असं झालं ना, तर किल्ल्या माझ्याकडे. मग कुठं जायचं तर मला फोन करायचा."

"अगं, मी तीस-तीस पोरं न विसरता घरी पोचवलीत!"

"पोरं ओरडतात, बाबा. आई ओरडत नाही."

एल्डन यांना किल्ल्यांचं दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती. आज गाडी विसरलो, उद्या व्हर्लालाच विसरलो तर? ही भीती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. समोरच्या घरातल्या जनील ऑलरेड यांनी ती रस्त्यापलीकडून ओळखली. विक्रीचं प्रशिक्षण त्यासाठीच तर देतात.

सेज बेंडमध्ये चर्चच्या नियमामुळे चहा-कॉफीला घरात थारा नाही, त्यामुळे मेंदूला जाग आणण्याची जबाबदारी वनस्पतींवर येते. त्या वनस्पती गोळ्यांच्या रूपाने शेजारीच शेजाऱ्यांना विकतात. एल्डन यांच्या गल्लीत घरं अकरा आणि विक्रेते बारा. (एका घरात नवरा-बायको प्रतिस्पर्धी कंपन्यांचे आहेत, जेवण एकत्र, बरण्या वेगळ्या.) शिवाय चर्चमुळे सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, आणि बहिणीला नाही म्हणणं कुणाला जमलंय?

"ब्रदर सोरेन्सन, यात ब्राह्मी आहे, गिंको आहे, जिनसेंग आहे. हिमालयातले साधू काही विसरतात का?" जनीलबाईंनी बरणी पुढे केली.

"त्यांच्याकडे गाडी नसते," व्हर्ला म्हणाल्या. स्वतः न शिजवलेलं काही गिळायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

बरणीवर डोंगराचं चित्र होतं. त्याखाली, डोंगरावरच्या मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात, या दाव्यांची सरकारने तपासणी केलेली नाही व हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. एवढा सरळ व्यवहार हल्ली लग्न जुळवतानाही दिसत नाही.

उपचारपद्धती अगदी सोपी होती. पहिली गोळी रिकाम्या पोटी. दुसरी भरल्या पोटी, पण दुधाबरोबर नाही. तिसरी संध्याकाळी, जिथे असाल तिथे, ठरल्या ठोक्याला. तिसरीने जीव कासावीस होतो, म्हणून चौथी. एल्डन यांनी एकही चुकवली नाही. त्यांची सगळी स्मरणशक्ती गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवण्याच्या कामी लागली, आणि तिथे ती उत्तम चालली. जागेअभावी धाकट्या नातवाचं नाव तेवढं काढावं लागलं.

महिन्याभरात जनीलबाईंनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या लेकीच्या घरी अनुभवकथनाची संध्याकाळ ठेवली. लारेने अट घातली: बाबांनी आईला गाडीने स्वतः घेऊन यावं, स्वतः परत न्यावं. जमलं तर किल्ल्यांचा विषय कायमचा बंद.

एल्डन पत्नीसह वेळेवर पोचले. दारातच तिसऱ्या गोळीचा ठोका पडला. डबी उघडायला दोन्ही हात लागत, म्हणून हातातल्या किल्ल्या त्यांनी खिडकीतल्या निवडुंगाच्या कुंडीत टाकल्या, भरल्या हॉलसमोर गोळी गिळली आणि टाळ्या घेतल्या. मग किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आली, चीजमधले बटाटे आले आणि अनुभव सुरू झाले. एका गृहस्थांना शाळेतल्या सगळ्या मारामाऱ्या आठवू लागल्या होत्या. एका बाईंना सासूचं प्रत्येक वाक्य आठवत होतं. त्यांनी मात्रा निम्मी केली होती. एल्डन यांनी तर सगळ्या वनस्पती लॅटिन नावांसह न अडखळता म्हणून दाखवल्या. लारेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जिंकलात, बाबा. चला, आता आईला घरी न्या."

एल्डन यांनी खिसे चाचपले. मग कोट चाचपला. मग त्यांचा चेहरा उतरला, आणि तो पाहून कुणालाही वाईट वाटलं असतं.

हॉलमधले सगळे शोधाला लागले. प्रत्येक जण किमान एक महिना गोळ्यांवर होता आणि प्रत्येकाने किल्ल्या ठेवताना पाहिलं होतं. पियानो उघडला. सोफा उलटा केला. जेली चमच्याने तपासण्यात आली.

व्हर्ला यांनी विणकाम पिशवीत ठेवलं, उठल्या आणि किल्ल्या काढून आणल्या. "चल, एल्डन. आजपासून गाडी मी चालवते. तू शेजारी बस. म्हणजे मी कुठं राहून जायला नको."

"आई, तुझ्या कसं लक्षात राहिलं?"

"याच्याकडे बघत होते गं. एवढी वर्षं दुसरं काय केलंय?"

एल्डन यांनी व्हर्ला यांचा हात धरला, तो गाडीपर्यंत सोडला नाही.

"बघा!" जनीलबाई गहिवरून म्हणाल्या. "बरणी नुसती घरात होती, तरी सिस्टर सोरेन्सनना गुण आला!" सात बरण्या जागेवर खपल्या.

व्हर्ला यांनी किल्ल्या कुठून काढल्या, ते इथे पुन्हा लिहीत नाही. त्या सुज्ञ वाचकांच्या डोळ्यांदेखत ठेवल्या होत्या, आणि वाचक गेली पाच मिनिटं सेज बेंडच्या लोकांना हसतो आहे, म्हणजे त्याला आठवतच असणार. ज्यांची नजर आत्ता हळूच वरच्या परिच्छेदांकडे गेली, त्यांनी पहिली गोळी उद्या सकाळी, रिकाम्या पोटी घ्यावी.